दालमिलचा जुना सर्व्हर नव्या यंत्रावर न्यायचा आहे: व्हर्च्युअलायझेशनसाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे?

धागाकर्ता, लातूर

सर्वांना नमस्कार. लातूरमधील एका दालमिलचे आणि त्याच मालकांच्या मोंढ्यातील अडत दुकानाचे संगणक मी गेली नऊ वर्षे सांभाळतो. हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि त्याचा एसक्यूएल सर्व्हरचा डेटाबेस आजही विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वर आहे. त्या आवृत्तीचा नेहमीचा आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. यंत्रही थकले आहे. मार्चपासून त्याचा एक पंखा घरघर करतो आणि उन्हाळ्यात मी रोज सकाळी आधी त्याचाच आवाज ऐकतो. मालकांनी आता नवा टॉवर सर्व्हर घेऊन दिला आहे: आठ कोअरचा झिऑन, ६४ जीबी रॅम, ९६० जीबीच्या दोन एसएसडी आणि ४ टीबीच्या दोन हार्डडिस्क.

या एकाच यंत्रावर मला विंडोज सर्व्हर आणि लिनक्स सर्व्हर असे दोन्ही चालवायचे आहेत, म्हणजे व्हर्च्युअलायझेशन (एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे चालवणे) करायचे आहे. लिनक्सवर फाइलींचा साठा आणि कामगारांच्या हजेरीची नोंद राहील. जुन्या सवयीने त्यासाठी सेंटओएस ७ हे लिनक्सचे वितरण टाकण्याचा विचार आहे. माझ्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअलायझेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही महिनाभर चालवून पाहिले आणि काहीही अडचण आली नाही. म्हणून विचारतो, नव्या यंत्रावर विंडोज ११ टाकून त्यावर व्हर्च्युअलबॉक्सच ठेवले तर चालेल का?

आमची परिस्थिती सांगतो, म्हणजे सल्ला देणे सोपे जाईल. दसरा ते दिवाळी या काळात सोयाबीनची आवक इतकी असते की हिशेबपट्टी अर्धा तास निघाली नाही तरी दुकानासमोर शेतकरी ताटकळत उभे राहतात. यूपीएस साधारण पंचवीस मिनिटे टिकतो. जनरेटर आहे, पण तो सुरू करणारा माणूस रात्री नसतो. संगणकाचे सगळे मीच पाहतो. मी गावी गेलो तर दुसरा कोणी नाही.

प्रतिसाद १, छत्रपती संभाजीनगर

वाळूजच्या एका कारखान्यात मी हेच काम करतो. आपण आधी लॅपटॉपवर चालवून पाहिलेत हे फार चांगले केलेत. व्हर्च्युअलबॉक्स शिकण्यासाठी उत्तम आहे आणि मीही लिनक्स त्यावरच शिकलो. मात्र आपल्या रचनेत आधी विंडोज ११ सुरू होणार, मग त्यात कोणीतरी लॉगइन करणार, मग व्हर्च्युअलबॉक्स उघडणार आणि त्यानंतर सर्व्हर उभा राहणार. रात्री दोनला वीज जाऊन पहाटे परत आली, तर आपण पोचेपर्यंत सर्व्हर बंदच राहील. ते आपोआप सुरू करण्याच्या युक्त्या आहेत, पण खालचे विंडोज ११ अपडेट घेऊन स्वतःहून रीस्टार्ट झाले की वरचे दोन्ही सर्व्हर त्याच्यासोबत जातात. दुसरी गोष्ट परवान्याची. व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ भाग मुक्त आहे, पण त्याचा एक्स्टेन्शन पॅक व्यावसायिक वापरासाठी विकत घ्यावा लागतो आणि तो नकळत टाकला जातो. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून व्यवसायासाठीही मोफत झाले असले, तरी तेही याच जातीचे, म्हणजे दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधाराने उभे राहणारे आहे.

आपल्याला यंत्रावर थेट बसणारे सॉफ्टवेअर हवे. त्यात विचार करण्याजोगे चार पर्याय आहेत: व्हीएमवेअरचे ईएसएक्सआय, मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही, केव्हीएमवर उभे असलेले प्रॉक्समॉक्स आणि झेनवर उभे असलेले एक्ससीपी-एनजी (केव्हीएम आणि झेन ही आभासी यंत्रे चालवणारी मुक्त इंजिने). काहीही निवडले तरी आधी बायोसमध्ये जाऊन इंटेलचे व्हीटी-एक्स (आभासी यंत्रांसाठीची प्रोसेसरमधील सोय) सुरू आहे का ते पाहा. ते बंद असल्यामुळे दोन दिवस चुकीच्या जागी शोधाशोध करणारे लोक मी पाहिले आहेत.

आणि सेंटओएस ७ कृपया टाकू नका. त्याचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. त्याच, म्हणजे रेड हॅटच्या घराण्यातले हवे असेल तर अल्मालिनक्स ९ किंवा रॉकी लिनक्स ९ घ्या. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ चा आधार २०३२ पर्यंत आहे आणि ही दोन्ही वितरणे त्याच्याच मागे चालतात.

प्रतिसाद २, नांदेड

मी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते आणि तिथल्या प्रयोगशाळेचे सर्व्हरही माझ्याकडे आहेत. मला हायपर-व्हीची बाजू मांडायची आहे, कारण अशा चर्चांमध्ये ते उगाचच मागे पडते.

आपल्याला विंडोज सर्व्हर विकत घ्यावाच लागणार आहे. जुन्या यंत्रासोबत आलेला परवाना ओईएम असेल, तर तो त्या यंत्रालाच बांधलेला असतो आणि नव्या यंत्रावर नेता येत नाही. त्यामुळे जुनी डिस्क जशीच्या तशी उचलून आभासी यंत्रात, म्हणजे व्हीएममध्ये टाकणे तांत्रिकदृष्ट्या जमले तरी परवान्यात बसत नाही. हे आधी तपासा. नवा स्टँडर्ड परवाना किमान सोळा कोअरचा घ्यावा लागतो, आपले यंत्र आठ कोअरचे असले तरीही. त्या परवान्यात विंडोज सर्व्हरच्या दोन व्हीएम चालवण्याचा हक्क मिळतो आणि हायपर-व्हीसाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. मायक्रोसॉफ्टने पूर्वी स्वतंत्र, मोफत हायपर-व्ही सर्व्हर दिला होता. त्याची २०१९ ही शेवटची आवृत्ती असून तिचा आधार जानेवारी २०२९ मध्ये संपेल. नव्या उभारणीसाठी ती घेऊ नये असे माझे मत आहे.

हायपर-व्हीवर लिनक्स नीट चालते. नवी व्हीएम बनवताना जनरेशन २ निवडलीत आणि लिनक्स सुरूच झाले नाही, तर सेटिंगमधील सिक्युअर बूटचा साचा पाहा. तो मूळचा विंडोजसाठी असतो. त्या जागी मायक्रोसॉफ्ट यूईएफआय सर्टिफिकेट ऑथॉरिटी निवडले की अल्मा, उबंटू, डेबियन सगळे उठते. माझे विद्यार्थी दर वर्षी याच पायरीवर अडतात.

आपण एकटे आहात असे लिहिले आहे. लातुरात विंडोज जाणणारा माणूस तासाभरात मिळतो, लिनक्सचा होस्ट, म्हणजे व्हीएम ज्यावर चालतात ते मूळ यंत्र, दुरुस्त करणारा मिळेलच असे नाही. निवड करताना या गोष्टीला मी सर्वांत जास्त वजन देईन.

प्रतिसाद ३, जालना

बियाण्यांच्या व्यवसायात आहे. आमच्याकडे सात वर्षे ईएसएक्सआय चालले आणि त्या काळात त्याने आम्हाला कधी दगा दिला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. तरीही नवे यंत्र उभारणाऱ्या छोट्या व्यवसायाला मी आज ते सुचवणार नाही. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअरची खरेदी पूर्ण केली, डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद होऊन सगळे वर्गणीवर गेले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मोफत ईएसएक्सआयही थांबले. एप्रिल २०२५ मध्ये ८.० अपडेट ३ई सोबत मोफत आवृत्ती परत आली, पण तिच्यावर बॅकअपची व्यावसायिक सॉफ्टवेअरे नीट काम करू शकत नाहीत, कारण त्यांना लागणारी दारे मोफत परवान्यात बंद असतात. ज्याच्यावर बॅकअप सरळ घेता येत नाही त्याच्यावर मी कोणाचा हिशेब ठेवणार नाही. हार्डवेअरच्या बाबतीतही ते चोखंदळ आहे. रिअलटेकचे नेटवर्क कार्ड असेल तर प्रतिष्ठापनाच पुढे सरकत नाही.

आमच्याकडून झालेली एक चूक इथे लिहून ठेवतो. सॉफ्टवेअरचे अपडेट टाकण्याआधी आमच्या माणसाने स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घेतला, अपडेट नीट झाले आणि स्नॅपशॉट काढून टाकायचा राहून गेला. पुढचे आठ महिने प्रत्येक बदल त्या वेगळ्या फाइलमध्ये साठत राहिला. एका सकाळी साठ्याची जागा संपली आणि व्हीएम जागच्या जागी थांबली. बॅकअप म्हणून आम्ही त्या स्नॅपशॉटकडेच बोट दाखवत होतो, आणि तो तर मूळ डिस्कच्या शेजारी, त्याच साठ्यात पडलेला होता. त्या दिवशी सायंकाळपर्यंत कोणी जेवले नाही.

धागाकर्ता, लातूर

सर्वांचे मनापासून आभार. मॅडम, आपण सांगितल्याप्रमाणे जुने बिल काढून पाहिले. परवाना ओईएमच आहे. हे मला आज कळले नसते तर मी बेकायदेशीर काम करून बसलो असतो. नव्या परवान्याचे मालकांना सांगितले आणि त्यांनी मान्यता दिली.

एक गोष्ट आधी लिहायची राहिली. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना एका यूएसबी डोंगलमध्ये (यंत्राला लावायच्या छोट्या किल्लीत) आहे. डोंगल लावलेला नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. तो व्हीएमपर्यंत कसा पोचवायचा?

प्रतिसाद २, नांदेड

डोंगलमुळे माझा सल्ला बदलतो. होस्टला लावलेले यूएसबी उपकरण व्हीएमला थेट देण्याची सोय हायपर-व्हीमध्ये नाही. नेटवर्कवरून यूएसबी पोचवणारी वेगळी साधने मिळतात, पण त्यामुळे बिघडू शकणारी आणखी एक वस्तू वाढते. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना डोंगलऐवजी ऑनलाइन परवाना देता येतो का हे विचारून पाहा. नाही म्हणाले, तर प्रॉक्समॉक्स अधिक सोयीचे जाईल, हे मी मोकळेपणाने मान्य करते. विंडोजच्या दोन व्हीएमचा हक्क त्या यंत्रासाठीच्या परवान्याला जोडलेला आहे. खाली हायपर-व्ही असो की प्रॉक्समॉक्स, तो तसाच मिळतो. अनेकांना हा हक्क फक्त हायपर-व्हीसोबतच मिळतो असे वाटते, म्हणून मुद्दाम लिहिले.

प्रतिसाद ४, अंबाजोगाई

परळी, अंबाजोगाई, केज या भागातील लहान संस्थांचे सर्व्हर मी पाहतो आणि त्यांतील बहुतेक प्रॉक्समॉक्सवर आहेत, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

प्रॉक्समॉक्स ही व्हिएन्नाची कंपनी असून तिचे हे सॉफ्टवेअर २००८ मध्ये आले. आत डेबियन आहे आणि व्हीएम चालवण्याचे काम केव्हीएम करते, जे फेब्रुवारी २००७ मधील २.६.२० या आवृत्तीपासून लिनक्सच्या कर्नेलचाच भाग आहे. म्हणजे उद्या ही कंपनी राहिली नाही तरी आपल्या व्हीएमच्या डिस्क कोणत्याही लिनक्सवर केव्हीएमने उघडता येतील. जालन्याच्या मित्रांनी परवान्यांच्या बदलाचे लिहिले आहे ते वाचल्यावर हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. सॉफ्टवेअर पूर्ण क्षमतेने मोफत वापरता येते. वर्गणी घेतली तर अधिक तपासलेल्या अपडेटचे भांडार आणि कंपनीची मदत मिळते. वर्गणी नसेल तर दर वेळी लॉगइन करताना तशी सूचना दिसते, तिने घाबरून जाऊ नये.

आता आपण प्रत्यक्ष कुठे अडाल ते सांगतो. विंडोज सर्व्हरची व्हीएम बनवताना डिस्कसाठी व्हर्टआयओ स्कझी (व्हीएमसाठी बनवलेला डिस्कचा प्रकार) निवडा, वेग चांगला मिळतो. मात्र प्रतिष्ठापन सुरू झाल्यावर ‘विंडोज कुठे टाकायचे’ असे विचारणाऱ्या पडद्यावर यादी पूर्ण कोरी दिसेल. डिस्क खराब नाही. विंडोजकडे त्या डिस्कचा ड्रायव्हर नाही एवढेच. म्हणून व्हर्टआयओ-विनची आयएसओ (ड्रायव्हर असलेली सीडीची फाइल) आधीच दुसऱ्या सीडी ड्राइव्हला लावून ठेवा, ‘लोड ड्रायव्हर’ दाबा, व्हीआयओस्कझीच्या फोल्डरमधून आपली आवृत्ती निवडा, आणि डिस्क लगेच यादीत येईल. नेटवर्कचा ड्रायव्हर आणि क्यूईएमयू गेस्ट एजंटही त्याच आयएसओमधून टाका. एजंट असेल तर बॅकअपच्या क्षणी विंडोजला डेटाबेस काही काळ स्थिर धरायला सांगता येते, नाहीतर बॅकअप म्हणजे चालू यंत्राची तार उपटल्यासारखी प्रत होते. तरीही एसक्यूएल सर्व्हरचा स्वतःचा बॅकअप रोज रात्री वेगळा घ्याच.

अल्मालिनक्स ९ टाकताना व्हीएमचा सीपीयू प्रकार पाहा. केव्हीएम६४ हा जुना प्रकार निवडला गेला, तर सीपीयू एक्स८६-६४-व्ही२ नाही अशी तक्रार करून सुरू होतानाच कर्नेल थांबते. एकच यंत्र आहे, तेव्हा लिनक्ससाठी ‘होस्ट’ निवडून मोकळे व्हा.

दोन एसएसडींचे झेडएफएस या साठवणुकीच्या व्यवस्थेत मिरर करा, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा राहील आणि एक गेली तरी काम चालू राहते. झेडएफएस स्वतःसाठी रॅम राखते, ८.१ आवृत्तीपासून नव्या उभारणीत ही मर्यादा एकूण रॅमच्या १० टक्के ठेवलेली असते, त्याआधी ती निम्म्यापर्यंत जायची. ६४ जीबीमध्ये आपल्याला चिंता नाही.

ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त त्रास दिला ती डिस्कच्या कॅशची आहे. आमच्या भागातील एका संस्थेत माझ्या आधीच्या माणसाने वेग वाढावा म्हणून विंडोजच्या डिस्कला ‘राइट बॅक, अनसेफ’ हा प्रकार देऊन ठेवला होता. या प्रकारात डेटाबेस ‘हे डिस्कवर पक्के लिही’ असे सांगतो आणि खालून ‘लिहिले’ असे उत्तर जाते, पण लिहिलेले नसते. मे महिन्यात दुपारी वीज गेली, यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली होती, आणि वीज आल्यावर डेटाबेस ‘सस्पेक्ट’ (खराब असल्याचा संशय) अवस्थेत उघडला. अकरा दिवसांच्या नोंदी पावत्यांवरून पुन्हा भराव्या लागल्या. तिथल्या दोन मुली रात्री नऊपर्यंत बसून त्या भरत होत्या आणि त्यांच्याकडे पाहताना मला जे वाटले ते मी विसरलेलो नाही. म्हणून सांगतो, कॅशचे मूळ सेटिंग बदलू नका आणि यूपीएसची माहितीची केबल होस्टला जोडून बॅटरी उतरली की आधी व्हीएम आणि मग होस्ट क्रमाने बंद होतील अशी व्यवस्था करा. लिनक्समध्ये त्यासाठी नट नावाचे साधन आहे.

डोंगल व्हीएमच्या हार्डवेअर यादीत यूएसबी उपकरण म्हणून जोडता येतो. ‘पोर्ट’ने न जोडता उपकरणाच्या क्रमांकाने जोडा, म्हणजे कोणी झाडताना काढून दुसऱ्या खाचेत लावला तरी चालेल.

नांदेडच्या मॅडमनी माणूस मिळण्याचा जो मुद्दा मांडला आहे तो मात्र खरा आहे आणि त्याला सॉफ्टवेअरमध्ये उत्तर नाही. त्यासाठी रिस्टोअर (बॅकअपमधून परत उभारणी) करण्याची कृती मराठीत, पायरीपायरीने, कागदावर लिहून सर्व्हरच्या कपाटाला चिकटवा आणि ती वाचून दुसऱ्या कोणाला तरी एकदा करायला लावा.

प्रतिसाद ५, परभणी

नुसते डेबियन किंवा अल्मा टाकून लिबव्हर्ट आणि कॉकपिट या व्यवस्थापनाच्या साधनांनी केव्हीएम चालवले तरी दोन व्हीएमचे काम भागते, आणि आतले सगळे समजते. पण बॅकअपची व्यवस्था हाताने बसवावी लागते, त्यामुळे एकट्या माणसाने प्रॉक्समॉक्सच घ्यावे. एक्ससीपी-एनजीही चांगले आहे, पण आपल्या भागात ते वापरणारा मला अजून भेटलेला नाही.

वजनकाट्याचा संगणक या सगळ्यात आणणार आहात का? काटा सिरीयल पोर्टवरून वजन पाठवत असेल तर माझा सल्ला आहे की त्याला हात लावू नका.

धागाकर्ता, लातूर

पाच आठवड्यांनी लिहितो आहे. डोंगलऐवजी दुसरा परवाना देता येणार नाही असे सॉफ्टवेअरवाल्यांनी कळवले, तेव्हा प्रॉक्समॉक्स ठरवले. आपण वर्णन केलेला कोरा पडदा जसाच्या तसा समोर आला आणि आयएसओ आधीच लावलेली असल्याने पाच मिनिटांत पुढे गेलो. विंडोजच्या व्हीएमला ३२ जीबी आणि अल्मालिनक्सला ८ जीबी रॅम दिली आहे. डेटाबेस शनिवारी रात्री हलवला. रविवारी मुनीमजींनी दिवसभर जुने आणि नवे दोन्हीकडे तेच काम करून पाहिले आणि सोमवारी मोंढा उघडल्यावर कोणाला फरक जाणवला नाही. वजनकाटा त्याच्या जुन्या संगणकावरच ठेवला आहे.

बॅकअपसाठी मोंढ्यातील दुकानात एका जुन्या डेस्कटॉपला नवी ४ टीबीची डिस्क लावून त्यावर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर बसवला. पहिली पूर्ण प्रत इंटरनेटवरून जाणे शक्य नव्हते, म्हणून तो डेस्कटॉप दालमिलमध्ये आणून नेटवर्कच्या तारेने प्रत घेतली आणि परत दुकानात नेऊन ठेवला. आता रोज रात्री फक्त बदललेला भाग जातो आणि तो मावतो.

गेल्या गुरुवारी रिस्टोअर करून पाहिले. जुन्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स टाकले आणि कपाटावरचा कागद वाचून दालमिलच्या कार्यालयातील एका मुलाने सगळे केले. मी मागे हात बांधून उभा होतो. चौथ्या पायरीला तो अडखळला, कारण रिस्टोअर झालेल्या व्हीएमचे नेटवर्क बंद करून मगच ती सुरू करायची हे मी लिहायला विसरलो होतो. दोन्हीकडे एकच आयपी झाला असता. ती ओळ लाल शाईने भरली. एक तास चाळीस मिनिटांनी विंडोज उठले, डोंगल तिकडून काढून इकडे लावला, आणि मुनीमजींनी बुधवारच्या पट्टीपुस्तकातील शेवटचा क्रमांक पडद्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. तो जुळला.

यूपीएसच्या केबलचे काम राहिले आहे. केबल मागवली आहे, ती आली की नट बसवतो आणि वीज बंद करून काय होते ते इथेच लिहितो. दसऱ्याच्या आत हे झालेच पाहिजे.